चार बोटं वर

बाबा तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात खोकं होतं, आणि ते पाहूनच माझ्या लक्षात आलं की आज मला नाही म्हणता येणार नाही. पांढऱ्या उजेडाचे एलईडी बल्ब. बाजारातून स्वतः निवडून आणलेले. हे लावले की रात्रीचा दिवस होतो, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. असल्या दुकानदारांची बाबांनी आयुष्यभर टर उडवली, आणि आता त्यातल्याच एकाचं वाक्य ते मला ऐकवत होते.

"लाव," ते म्हणाले. "हॅलोजनमध्ये काही दम राहिला नाही."

गॅरेज बाबांचंच. आम्ही गाड्यांच्या वायरिंगचं आणि दिव्यांचं काम करतो, इंजिनाला हात लावत नाही. चाळीस वर्षं त्यांनी ते चालवलं, गेली सहा वर्षं मी चालवते. मला काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना मला जी जी विशेषणं लावली ती सगळी मला अजून पाठ आहेत. स्वभावही त्यांचाच उचललाय मी. गिऱ्हाईक जास्त अक्कल शिकवायला लागलं की त्याच्या हातात पेचकस देते आणि म्हणते, घ्या, तुम्हीच करा.

असे बल्ब घेऊन आठवड्याला एखादा तरी येतोच. मग मी त्याला बाबांचाच धडा म्हणून दाखवते. जुन्या हेडलाइटच्या आतली चकचकीत वाटी हॅलोजनच्या इवल्याशा तारेसाठी घडवलेली असते. तिच्यात दुसरा दिवा कोंबला की उजेड कसाही, कुठेही सांडतो. तुमचा रस्ता उजळतो थोडाच, समोरून येणारा मात्र आंधळा होतो. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, मी खोकं परत देते. त्या दिवशी मी बाबांच्या हातातून खोकं घेतलं आणि मुकाट्याने बॉनेट उघडलं.

का उघडलं ते सांगते. गाडीच्या दिव्यांत काहीच दोष नव्हता. मला ते दोन महिन्यांपासून माहीत होतं.

पहिल्यांदा ते तक्रार घेऊन आले तेव्हा मी इमानदारीत सगळं तपासलं. बॅटरी ठणठणीत, बल्बपर्यंत करंट पूर्ण पोचत होता. काच थोडी पिवळी पडली होती, ती घासून लख्ख केली. आठवडाभराने परत आले, म्हणाले, रस्ता दिसतच नाही. मग मी नवे बल्ब घातले, जाड वायरी टाकल्या, करंट सरळ बॅटरीतून बल्बला जावा म्हणून रिले बसवला. हॅलोजनमधून काढता येईल तेवढा सगळा उजेड काढला. त्या संध्याकाळी मी स्वतः गाडी फिरवून आणली आणि कडेच्या झाडाचं पान न पान मला दिसलं. बाबा मात्र म्हणाले, "फरक नाही फारसा."

तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, दोष गाडीत नसावा.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. चहा ओततात तेव्हा कपाच्या काठावर एक बोट ठेवतात. बोळातून येताना भिंतीला हात लावून येतात. गाडीच्या एका बाजूला लांबलचक ओरखडा होता, तो म्हणे शेजाऱ्याने फाटक अर्धवट उघडं ठेवल्यामुळे आला. आरसा फुटला तो कोण्या मोकाट कुत्र्यामुळे. प्रत्येक वेळी दोष कोणाचा तरी होता, आणि मी प्रत्येक वेळी हो हो म्हटलं होतं.

एकदा मी विषय काढूनही पाहिला. सहज म्हटलं, साठी-सत्तरीत सगळेच डोळे तपासून घेतात, आपणही जाऊन येऊ. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, तुझी आई गेल्यापासून मला ह्या घरात एकच काम उरलंय, ते पण काढून घे.

ते काम म्हणजे बिट्टीला आणणं. बिट्टी माझी मुलगी, नऊ वर्षांची. तिचे बाबा जहाजावर असतात, तीन-तीन महिने घरी नसतात. रोज संध्याकाळी सहाला तिचा पोहण्याचा क्लास सुटतो आणि माझं गॅरेज साडेसातपर्यंत चालतं. तिला आणायला आजोबाच जातात. उन्हाळ्यात सहाला लख्ख उजेड असतो. पण दिवस लहान होत चालले होते, आणि परतीचा रस्ता कालव्याच्या काठाने जातो. तीन किलोमीटर, अरुंद, एकही खांब नाही, एका बाजूला पाणी.

आता कोणीही म्हणेल, अगं बाई, मग बोलली का नाहीस. खरंच आहे. रोज सहा ते साडेसहा माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. हातात वायरी आणि कान रस्त्याकडे. हॉर्न वाजला की धस्स व्हायचं. पण बाबांसमोर उभं राहून "तुम्हाला दिसत नाही" हे वाक्य म्हणायचं, ह्याची मला त्याहून जास्त भीती वाटायची. दोन भीतींपैकी रोज समोर दिसणारी मी टाळली, आणि दुसरीवर अजून थोडा उजेड टाकत राहिले.

बल्ब बसवताना अर्धा तास गेला. त्यांच्या मागे छोटा पंखा असतो, त्याच्यामुळे रबरी टोपी बसेना. बाबा शेजारी उभे राहून सूचना करत होते आणि सूचना सगळ्या बरोबर होत्या.

मग फोकस. आमच्याकडे फोकस भिंतीवर लावतात, यंत्रावर नाही. ही बाबांची पद्धत. पुढची चाकं जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवर आणायची, आठ पावलांवर पांढरी भिंत, भिंतीवर दोन बोटं रुंद काळी पट्टी आडवी चिकटवलेली. डिपरचा, म्हणजे खालच्या झोताचा उजेड पट्टीपाशी संपला पाहिजे. पट्टीच्या वर गेला तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. ती पट्टी बाबांनी लावली होती, जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यावर एक वीत. किती तरी वर्षं तिथेच होती.

गेल्या उन्हाळ्यात मी गाडी उभी राहते तेवढीच जमीन नव्याने करून घेतली. जुनी तेलाने पार कुजली होती. नवी जमीन चार बोटं वर आली. गाडी चार बोटं वर, म्हणून भिंतीवरची पट्टी काढून मी चार बोटं वर चिकटवली. हे बाबांना सांगायचं राहून गेलं. सांगावंसं वाटलंही नाही, कारण पांढऱ्या भिंतीवर काळी पट्टी कोणालाही दिसते.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवे लावले. भिंत अशी पेटली की मलाच डोळे बारीक करावे लागले. उजेडाला धड कड नव्हती, वरती छतापर्यंत पांढरा धुरळा उडाल्यासारखा झाला होता. त्यातल्या त्यात दाट भाग मी पट्टीवर आणला. बाबा गाडीपाशी उभे होते.

"वर जातोय," ते म्हणाले. "खाली घे."

मी म्हटलं, पट्टीवरच आहे. त्यांनी जीभ टाळूला लावून तो आवाज केला, जो मी शिकत होते तेव्हा दिवसातून पन्नासदा ऐकायचे, आणि ते भिंतीकडे निघाले. नव्या जमिनीची कड उतरताना त्यांचा पाय अडखळला. ते सावरले, भिंतीशी जाऊन वाकले. त्यांची सावली भिंतीवर पडली होती आणि त्या सावलीत त्यांनी तळहात टेकवला.

"ही पट्टी," ते म्हणाले. "आणि तुझा उजेड कुठाय बघ."

त्यांच्या हाताखाली नुसती भिंत होती. पट्टी हाताच्या चार बोटं वर होती, त्यांच्या तोंडापासून हातभरसुद्धा लांब नाही. त्यांनी हात लगेच काढला नाही. तळवा एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

आतापर्यंत मला शंका होती. शंकेबरोबर माणूस राहू शकतो, तिला इकडून तिकडे ढकलत दिवस काढू शकतो. आता ढकलायला काही उरलं नव्हतं.

"बरोबर," मी म्हणाले. "घेते खाली."

आणि मी पेचकस नुसताच हवेत फिरवला. स्क्रूला लावलासुद्धा नाही.

बाबा परत आले, हात पुसले, घड्याळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं. पावणेसहा. गाडीची किल्ली माझ्या बाकावर होती. त्यांनी हात पुढे केला आणि मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तोंडातून एवढंच निघालं की मीपण येते, नवे दिवे कसे पडतात ते बघायचंय. ते म्हणाले, ये. मी पुढचं दार उघडलं तर म्हणाले, मागे बस, ती बिट्टीची जागा आहे.

जाताना अजून उजेड होता आणि बाबा नेहमीसारखे चालवत होते. सावकाश, सरळ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटून गेलं, उगाच घाबरतोय आपण. माणसाला आपली सोय बघायची असली की असं लगेच वाटून जातं.

बिट्टी ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून धावत आली आणि पुढच्या सीटवर चढली. पट्टा लावला, पाय वर घेतले, सरळ काचेतून समोर बघत ताठ बसली. मग मागे मी दिसले आणि तिचा चेहरा पडला. आई गाडीत आहे ह्याचं कोणत्याही पोरीला एवढं वाईट वाटू नये.

"तू कशाला आलीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, दिवे बघायला. ती परत काचेकडे वळली.

कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा पुरता अंधार नव्हता, पण उजेडही गेला होता. पाणी आणि रस्ता एकाच रंगाचे झाले होते. बाबांनी दिवे लावले. गाडीपुढे पांढरा भपका उभा राहिला आणि भपक्याच्या पलीकडचं सगळं आणखीच काळं झालं. समोरून पहिली गाडी आली, तिने वैतागून दिवे उघडमीट केले. दुसरीने हॉर्न दाबूनच धरला. मला लाजेने मान वर करवेना. पन्नास गिऱ्हाइकांना शिकवलेलं मी स्वतःच्या हाताने उलटं करून ठेवलं होतं.

बाबांनी वेग कमी केला. अजून कमी केला. मग अगदी हळू आवाजात बिट्टीला म्हणाले, "आज खेळायचं नाही का?"

बिट्टीने वळून माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

"कसला खेळ?" मी विचारलं.

गाडी चालत होती. बाबांची मान पुढे झाली होती, हनुवटी स्टिअरिंगला टेकेल इतकी. तेवढ्यात मला पुढे रस्त्यावर एक माणूस दिसला. सायकल हातात धरून चालत होता, मागच्या कॅरिअरवर पोत्यांची थप्पी, आमच्याकडे पाठ. गडद कपडे. अंतर होतं, चांगलं अंतर होतं. मी वाट पाहिली की बाबा आता ब्रेक दाबतील. आता दाबतील. पलीकडून एक गाडी येत होती, तिच्या चालवणाऱ्याने आमच्या उजेडासमोर हात आडवा धरलेला मला काचेतून दिसला, आणि ती गाडी भरकटल्यासारखी रस्त्याच्या मधे यायला लागली. माणूस दोन्ही गाड्यांच्या मधोमध. बाबांचा पाय होता तिथेच. मला ओरडायचं होतं. दोन महिने जे तोंड बंद ठेवलं होतं ते ऐनवेळी उघडेना.

"आजोबा, माणूस. पुढे. थांबा."

बिट्टी ओरडली नाही. सरावाने सांगितल्यासारखं सांगितलं. आणि बाबांनी शब्द पडताक्षणी ब्रेक दाबला, इतका झटकन की हा ब्रेक त्यांनी असाच कित्येकदा दाबला असणार हे मला त्याच क्षणी कळलं. समोरची गाडी आमच्या आरशाला घासत निघून गेली. आम्ही थांबलो. सायकलवाला वळला, आमच्या दिव्यांत त्याचे डोळे मिटले गेले, आणि त्याने आम्हाला जे काही सुनावलं ते सगळं आमच्या हक्काचं होतं. तो बॉनेटपासून दोन हातांवर उभा होता.

बाबा काचेतून बघत होते. सरळ त्याच्याच दिशेने.

"कुठे आहे तो?" त्यांनी बिट्टीला विचारलं.

सायकलवाला पुटपुटत कडेला झाला आणि निघून गेला. मी खाली उतरले. दाराला धरून उभी राहिले. पलीकडे कालव्याचं पाणी चार पावलांवर होतं. मग मी पुढचं दार उघडलं आणि बिट्टीला बाहेर घेऊन जवळ धरलं. ती म्हणाली, आई, दुखतंय, एवढं घट्ट नको.

खेळ असा होता. बिट्टीने रस्त्यावर जे दिसेल ते सांगायचं. सायकल, एक. खड्डा, दोन. वळण. माणूस. घरी पोचेपर्यंत पन्नास झाले की ती जिंकली. दिवाळीत मिळालेल्या वस्तूसारखं हे गुपित तिने जपलं होतं, कारण आजोबांनी सांगितलं होतं की आईला कळलं तर खेळ बंद होईल. किती दिवसांपासून, मी विचारलं. शाळा सुरू झाली तेव्हापासून, ती म्हणाली, आणि रडायला लागली, कारण आता खेळ बंद होणार हे तिला समजलं होतं.

बाबा हाताने बॉनेट चाचपत पुढे आले. मला वाटलं होतं ते चिडतील, सायकलवाल्याला नाहीतर बल्बवाल्याला दोष देतील. मी तर तयारच होते, ह्या वेळी हो हो म्हणायचं नाही म्हणून. पण ते हेडलाइटला टेकून उभे राहिले आणि त्या झगझगाटात त्यांचा चेहरा मला आत्ता आत्ता म्हातारा झाल्यासारखा दिसला.

"भिंतीला हात लावला तेव्हा हाताला पट्टी लागली नाही," ते म्हणाले. "तेव्हाच समजलं मला. तू पट्टी हलवली होतीस आणि मला दिसली नव्हती."

मी बिट्टीच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"मग तू 'बरोबर' म्हणालीस. मला वाटलं होतं, नाही म्हणशील. तू नाही म्हणाली असतीस तर मी किल्ली मागितली नसती." ते थांबले. "मी मागितली आणि तू दिलीस."

मला खूप काही म्हणता आलं असतं. माझी पोर तुम्ही डोळे म्हणून वापरलीत, असं मी म्हणू शकले असते, आणि ते खोटं नव्हतं. पण मी सगळं माहीत असताना तिला त्या गाडीत बसू दिलं होतं, तेही रोज. आमच्यापैकी आंधळं कोण होतं हे ठरवायला मला त्या उजेडाची गरज नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"माझं आधी," बाबा म्हणाले.

काढलेले हॅलोजन बल्ब डिकीत होते, कापडात गुंडाळलेले. बाबा काही टाकत नाहीत. असे दिवे घेऊन एक फर्लांगभरही पुढे जायची माझी तयारी नव्हती. इशाऱ्याचे दिवे लावून मी बॉनेट उघडलं, बिट्टीने मोबाइलचा उजेड धरला. एका बाजूचा मी बदलला. दुसऱ्या बाजूला बाबांनी मला कोपराने बाजूला केलं. बल्ब कापडातून बाहेर न काढता खालून धरला, काचेला बोट लागू न देता, दुसऱ्या हाताने आत होल्डर चाचपला आणि एका वळणात बसवला. टोपी दाबली. तारेची कडी लावली. ह्या सगळ्यात ते एकदाही खाली बघत नव्हते, तोंड पाण्याकडे होतं.

दिवे लावले तर पिवळा, शांत उजेड रस्त्यावर पसरला. कडेचं गवत दिसलं, खड्डे दिसले, लांबवर तो सायकलवाला पोती सावरत चालताना दिसला. सगळं नीट दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं.

बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या सीटवर, बिट्टीच्या जागी बसले. बिट्टी मागे. मी गाडी सुरू केली. मग मागून तिचा आवाज आला.

"आजोबा, मग आता मी कुणाला सांगू?"

"आईला सांग."

"पण आईला दिसतं ना."

बाबांचा हात मांडीवर होता, तळवा वर, काहीच न धरलेला.

"दिसतं," ते म्हणाले. "तरी सांगत जा."

बिट्टी दोन सीटच्या मधून पुढे वाकली. तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या खांद्यावर पडलं.

"सायकल," ती म्हणाली. "एक."

"दिसली," मी म्हणाले, मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल असं, आणि ब्रेकवर पाय ठेवला.